चेहरा दोनच रंगांत: फोटोवरून ठसठशीत काळं-पांढरं चित्र कसं कराल?

मंडळाच्या टी-शर्टवर, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर, एखाद्या कॅफेच्या भिंतीवर असे चेहरे आपण नेहमी पाहतो. फक्त काळा आणि पांढरा, मधला करडा औषधालाही नाही. तरीही माणूस झटकन ओळखू येतो. असं चित्र स्वतः करायचं म्हटलं की बहुतेक जण सॉफ्टवेअरमध्ये एकच बटण शोधतात, ते म्हणजे थ्रेशोल्ड. स्लायडर मागेपुढे करतात आणि हाती येतं ते एक तर खोबणीत गेलेल्या डोळ्यांचं भूत, नाहीतर नाक-डोळे नसलेला कोरा कागद.

दोष बटणाचा नाही. फोटो करडा केला की त्यातल्या प्रत्येक बिंदूला ० ते २५५ मधला एक आकडा मिळतो: ० म्हणजे ठार काळा, २५५ म्हणजे शुभ्र. थ्रेशोल्ड १२७ वर ठेवला की त्याच्या वरचं सगळं पांढरं होतं आणि खालचं सगळं काळं. केस, गाल, साडीचा पदर या सगळ्यांना एकच नियम. केसांचा उजेड आणि गालाची सावली यांचे आकडे निरनिराळे असतात, म्हणून एका रेषेत सगळा चेहरा बसत नाही. काळं कुठे संपवायचं हा निर्णय भागाभागाने आपण घ्यायचा आणि सॉफ्टवेअरकडून फक्त अंमलबजावणी करून घ्यायची, हेच या कामाचं मर्म.

आणखी एक गोष्ट आधीच पटवून घ्या. सगळं दाखवायची गरज नसते. क्रेग मूनी या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मुलांवर केलेल्या अभ्यासात निव्वळ काळ्या-पांढऱ्या डागांनी बनलेली चेहऱ्यांची चित्रं वापरली होती. अर्धीअधिक माहिती गायब असूनही मेंदू तो चेहरा जुळवतो. आपली सारी कारागिरी या जुळवण्यावर उभी आहे. पाहणाऱ्याला पुरेसा धागा द्यायचा, बाकीचं त्याच्यावर सोडायचं.

कुठला फोटो घ्यावा

अर्धी लढाई फोटो निवडतानाच जिंकली किंवा हरली जाते. पासपोर्टचा फोटो या कामाला सर्वांत वाईट, कारण त्यात दोन्ही गालांवर सारखा उजेड असतो आणि सावली धरायला जागाच नसते. मोबाइलचा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोचंही तेच. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि थ्रेशोल्ड लावताच डोळे नाहीसे होतात.

हवा तो एकाच बाजूने, किंचित वरून येणारा उजेड. माणसाला खिडकीजवळ तिरकं बसवा, खोलीतले दिवे बंद करा. नाकाची सावली पलीकडच्या गालावर पडेल आणि त्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरेल, इतका चेहरा वळवा. रेम्ब्रांटच्या व्यक्तिचित्रांवरून छायाचित्रकार या प्रकाशयोजनेला त्याचंच नाव देतात. सावलीची बाजू फारच काळी होत असेल तर तिकडे पांढरी चादर धरा. मागे साधी, कोरी भिंत असू द्या.

जुनाच फोटो वापरायचा असेल तर आधी कातरायला शिका. चे गव्हेराचा जगभर पोचलेला चेहरा हे याचं उत्तम उदाहरण. आल्बेर्तो कोर्दाने ५ मार्च १९६० रोजी हवानामध्ये तो फोटो टिपला, तेव्हा चौकटीत एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा होता आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पानं. कोर्दाने दोन्ही कापून फक्त चे ठेवला. पुढे १९६८ मध्ये जिम फिट्झपॅट्रिक या आयरिश चित्रकाराने त्यातला करडा काढून टाकला आणि लाल पार्श्वभूमीवर काळा चेहरा उभा केला. टोपी, केस, दाढी असे काळे भाग ठळक आणि चेहऱ्यावर मोजक्या सावल्या: पोस्टर टिकलं ते याच्या जोरावर.

करडा करताना कुंकू सांभाळा

या लेखात मी गिंप हे मोफत सॉफ्टवेअर धरून चाललो आहे. फोटोशॉपमध्ये बहुतेक हत्यारं याच नावांची आहेत. काहीच बसवायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपिया उघडा, त्याची मांडणी फोटोशॉपसारखीच आहे.

रंगीत फोटो करडा करायला नुसतं 'डीसॅच्युरेट' दाबू नका. रंगीत फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वाहिन्यांचा बनलेला असतो आणि तिन्हींत चेहरा वेगळा दिसतो. लाल वाहिनीत त्वचा उजळ आणि नितळ दिसते, मुरुमांचे डाग विरतात. निळ्या वाहिनीत त्वचा काळवंडते, प्रत्येक डाग, वांग, सुरकुती वर येते. हिरवी या दोघींच्या मधली. म्हणूनच पोर्ट्रेटसाठी लाल वाहिनी घ्या, असा सल्ला सगळीकडे मिळतो.

आपल्याकडच्या चेहऱ्यांना मात्र तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. समजा, आजीचा फोटो आहे: कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात नथ, डोळ्यांवर चष्मा, अंगावर पांढऱ्याच्या जवळ जाणारी फिकी साडी. तिच्या त्वचेचे आकडे लाल १९०, हिरवा १४०, निळा ११० असे असतील आणि कुंकवाचे लाल १९०, हिरवा ३०, निळा ४०. लाल वाहिनीत दोन्हीकडे १९०! म्हणजे कुंकू कपाळात विरघळून गेलं. हिरव्या वाहिनीत १४० विरुद्ध ३०, तिथे ते काळंभोर उठून दिसतं. पान खाऊन रंगलेले ओठ, लिपस्टिक, लाल काठ यांचंही असंच.

उपाय सोपा आहे. गिंपच्या 'कलर्स' मेनूतल्या 'मोनो मिक्सर'मध्ये तिन्ही वाहिन्यांचं प्रमाण हाताने ठरवता येतं. सुरुवातीला लाल ०.४, हिरवा ०.६, निळा ० ठेवून पाहा. बेरीज १ च्या आसपास ठेवली की फोटो एकदम उजळत किंवा काळवंडत नाही. फोटोशॉपच्या 'ब्लॅक अँड व्हाइट'मध्ये लाल आणि पिवळ्याचे वेगळे स्लायडर आहेत. त्वचेत दोन्ही रंग असतात, कुंकवात जवळजवळ लालच. त्यामुळे पिवळा वाढवून लाल उतरवला की त्वचा उजळ राहते आणि कुंकू काळं होतं. मूळ रंगीत थर पुसू नका, त्याची प्रत काढूनच काम करा.

आधी सावल्या ठरवा, थ्रेशोल्ड शेवटी

करडा फोटो तयार झाला की लगेच थ्रेशोल्डकडे धावू नका. पडद्यापासून दोन हात मागे सरका, डोळे किलकिले करा आणि फोटोकडे पाहा. बारकावे पुसले जाऊन उजेडाचे आणि काळोखाचे मोठे आकार दिसतील. तेच तुमचं चित्र. पटत नसेल तर फोटो बदला, पुढची मेहनत वाचेल.

आता तीन कामं करा.

पहिलं, 'कर्व्ह्ज'ने उजेड-सावलीतला फरक वाढवा. रेघेला हलका इंग्रजी एस अक्षरासारखा बाक दिला की उजळ भाग उजळतो, गडद भाग गडद होतो.

दुसरं, 'डॉज' आणि 'बर्न' ही हत्यारं वापरा. डार्करूममध्ये फोटोग्राफर कागदावरच्या एखाद्या भागावर हात धरून उजेड अडवत किंवा जास्त वेळ देत, त्याचीच ही संगणकीय रूपं. डॉजने भाग उजळतो, बर्नने गडद होतो. जबडा आणि गळा एकमेकांत मिसळत असतील तर गळा बर्न करा. डोळ्याखालचं काळं वर्तुळ नको असेल तर तिथे हलका डॉज फिरवा. ताकद १५-२० टक्क्यांच्या वर नेऊ नका, एकाच जागी दोन-तीनदा फिरवलेलं बरं.

तिसरं, त्वचेचा खरखरीतपणा घालवा. थ्रेशोल्ड बारीक दाण्याचाही काळा ठिपका करतो आणि गालावर वाळू फेकल्यासारखं दिसतं. 'मीडियन ब्लर' हलक्या हाताने लावा. त्यात दाणे जातात आणि मोठ्या कडा बऱ्यापैकी शाबूत राहतात. तीन हजार बिंदू उंचीच्या फोटोला तीन-चार बिंदूंची त्रिज्या साधारण पुरते.

फोटो लहान असेल, उदाहरणार्थ व्हॉट्सॲपवरून आलेला, तर तो याच टप्प्यावर दोन-तीन पट मोठा करा. करडा असताना मोठा केलेला फोटो थ्रेशोल्डनंतर गुळगुळीत कडा देतो. थ्रेशोल्डनंतर मोठा केलात तर कडांना पायऱ्या दिसतात.

एक चेहरा, तीन थ्रेशोल्ड

आता मुख्य काम. तयार करड्या थराच्या तीन प्रती काढा आणि प्रत्येकीला वेगळा थ्रेशोल्ड लावा.

एक चेहऱ्यासाठी. १२७ हा आकडा सॉफ्टवेअरने दिलेला आहे, आजीच्या चेहऱ्याने नव्हे. थ्रेशोल्डच्या खिडकीत दिसणाऱ्या आलेखात चेहऱ्याचा उंचवटा शोधा आणि त्याच्या उजळ आणि गडद बाजूंच्या मध्ये स्लायडर आणा. सावळ्या चेहऱ्याला तो ८० वर लागेल, खूप उजळ फोटोत १६० वर. इथे एक पथ्य पाळा. या चित्रात पांढरा म्हणजे गोरा रंग नाही, पांढरा म्हणजे उजेड. माणूस कितीही सावळा असो, त्याच्या गालावर पडलेला उजेड कागदावर पांढराच येतो. सावळा माणूस आहे म्हणून अख्खा चेहरा काळा करणं ही हाताळणीतली चूक आहे.

दुसरी प्रत केसांसाठी. केसांचे आकडे बहुधा ७० च्या खाली असतात, म्हणून चेहऱ्याच्या थ्रेशोल्डला ते सलग काळा गोळा होतात. स्लायडर ३५-४० वर आणला की बटांवरची चमक पांढऱ्या रेघांनी उमटते. चार-सहा रेघा पुरेत.

तिसरी प्रत फिक्या कपड्यासाठी. चेहऱ्याच्या थ्रेशोल्डला आजीची साडी कोरी पांढरी होते आणि डोकं हवेत तरंगतं. स्लायडर २१० च्या आसपास नेला की निऱ्यांच्या सावल्या काळ्या उमटतात आणि खांदा दिसू लागतो.

तिन्ही थर एकावर एक ठेवा, चेहऱ्याचा सर्वांत खाली. वरच्या दोन थरांना काळा लेयर मास्क लावा म्हणजे ते पूर्ण झाकले जातील. मग मास्कवर पांढऱ्या ब्रशने जिथे केस हवेत तिथेच केसांचा थर उघडा, जिथे साडी हवी तिथे साडीचा. ब्रश कडक कडांचा घ्या, मऊ ब्रशने करडा परत शिरतो. मास्कवर काळा ब्रश फिरवला की उघडलेला भाग पुन्हा झाकला जातो, त्यामुळे चुकण्याची भीती नाही. २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० पासून थ्रेशोल्डसारखे परिणाम नंतरही बदलता येतात. फोटोशॉपमध्ये त्यासाठी 'ॲडजस्टमेंट लेयर' वापरा.

डोळे, नाक, ओठ: इथे हात चालवा

यापुढे सॉफ्टवेअर मागे आणि तुमची नजर पुढे. नवा थर घ्या, एक काळा आणि एक पांढरा कडक ब्रश घ्या आणि चेहऱ्याचा एकेक अवयव तपासा.

डोळे सर्वांत आधी. बुबुळावरचा उजेडाचा ठिपका कायम राहिलाच पाहिजे. तो गेला की माणूस निर्जीव दिसतो. थ्रेशोल्डमध्ये गेला असेल तर रंगीत फोटोत तो नेमका कुठे आहे ते पाहून पांढऱ्या ब्रशने तिथेच टेकवा. दोन्ही डोळ्यांत तो एकाच बाजूला हवा. वरच्या पापणीची रेघ जाड आणि सलग ठेवा. खालच्या पापणीची पूर्ण रेघ काढू नका, कोपऱ्यातला तुकडा बास झाला. पूर्ण रेघ काढली की काजळाने कोरल्यासारखे डोळे दिसतात.

चष्मा असेल तर फ्रेमची रेघ काही ठिकाणी तुटू द्या. काचेवरच्या उजेडाचा पांढरा पट्टा बुबुळ कापत असेल तर पुसून टाका.

नाकाला बाह्यरेषा नसते, हे पक्कं लक्षात ठेवा. नाकपुड्या, शेंड्याखालची सावली आणि एका बाजूची पडछाया एवढ्यावर नाक उभं राहतं. दोन्ही बाजूंनी रेघा ओढल्या की नाक चिकटवल्यासारखं दिसतं. नथीचे मोती पांढरे आणि गालही पांढरा, त्यामुळे नथ हरवते. मोत्यांच्या खालच्या बाजूला काळी चंद्रकोर द्या, मोती गोल दिसतील.

ओठांत महत्त्वाची असते ती दोन ओठांमधली रेघ, आणि खालच्या ओठाखालची सावली. माणूस हसत असेल तर दातांमधल्या फटी पुसून दातांचा एकच पांढरा पट्टा ठेवा. फटी राहिल्या की दात किडलेले वाटतात.

सुरकुत्यांचा निर्णय विचारपूर्वक घ्या. सगळ्या ठेवल्या तर आजी आहे त्यापेक्षा वीस वर्षांनी थकलेली दिसेल, सगळ्या पुसल्या तर ती आजी राहणारच नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या दोन-तीन आणि नाकापासून ओठापर्यंत येणारी घडी ठेवून पाहा.

शेवटी कड. उजेडाकडचा गाल पांढरा आणि मागची भिंतही पांढरी, त्यामुळे गालाची कड नाहीशी होते. तिथे रेघ ओढायचा मोह होतोच, तो टाळा. वर केस आणि खाली जबड्याची सावली असेल तर मधली कड पाहणारा स्वतः पुरी करतो. हात जिथे थांबतो तिथेच या चित्राची खरी मजा आहे. एका टिचकीत चित्र करून देणारी मोबाइलवरची फिल्टरं बहुधा इथेच घसरतात: दिसेल त्या कडेवर रेघ ओढतात.

कडा आणि कचरा

सगळे थर एकत्र करून फाइल वेगळ्या नावाने साठवा. आता चित्र शंभर टक्क्यांवर पाहून सुटे ठिपके वेचा. कडा दातेरी असतील तर दोन बिंदूंचा 'गॉसियन ब्लर' लावा आणि लगेच 'लेव्हल्स'मध्ये काळं टोक ११० वर, पांढरं टोक १४५ वर आणा. ब्लरने कडा गोलावतात, लेव्हल्सने पुन्हा धारदार होतात.

चित्र खूप मोठं छापायचं असेल किंवा कटिंग मशीनला द्यायचं असेल तर ते इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्या. 'पाथ' मेनूतल्या 'ट्रेस बिटमॅप'ने त्याचं व्हेक्टर होतं, म्हणजे ठिपक्यांऐवजी वळणांनी बनलेलं चित्र. मग ते टी-शर्टएवढं करा की भिंतीएवढं, कड फाटत नाही. तिथला 'स्पेकल्स' हा पर्याय उरलेले बारीक ठिपके आपोआप गाळतो.

साठवताना जेपीजी टाळा. त्याच्या दाबणुकीत काळ्या कडांभोवती करडा चुरा जमतो. पीएनजी ठेवा, व्हेक्टर असेल तर एसव्हीजी. छपाईवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कुठे छापणार?

कागदावर छापायचं असेल तर रंगीत फोटोला इंचाला ३०० बिंदू पुरतात. निव्वळ काळ्या-पांढऱ्या चित्राला ६०० तरी हवेत, कारण इथे कड लपवायला करडा नसतो.

काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या शाईने छापताना अनेक जण सरळ 'इन्व्हर्ट' करतात आणि छातीवर निगेटिव्ह येते: पांढरे केस, काळे गाल, उलटे डोळे. निगेटिव्हमध्ये ओळखीचा चेहराही सहज ओळखू येत नाही. काळा कपडा हीच तुमची सावली माना. पांढरी शाई फक्त चेहऱ्याच्या पांढऱ्या भागांवर लागली पाहिजे. स्क्रीन प्रिंटिंगच्या फिल्मवर जिथे काळं तिथे शाई लागते, म्हणून फिल्म उलटी काढावी लागते, छापलेला चेहरा मात्र सुलटाच यायला हवा. प्रिंटरला हे स्पष्ट शब्दांत सांगा. काळे केस काळ्या कपड्यात विरणार, तेव्हा बटांच्या पांढऱ्या रेघा इथे थोड्या जास्त ठेवा.

स्टेन्सिल कापून भिंत रंगवायची असेल तर कापायचा तो काळा भाग. चारही बाजूंनी काळ्याने वेढलेलं पांढरं बेट कापताक्षणी गळून पडतं. डोळ्यातला ठिपका, चष्म्याच्या फ्रेममधली काच ही अशी बेटं. त्यांना बाहेरच्या पांढऱ्याशी जोडणाऱ्या बारीक पट्ट्या कापण्याआधीच काढून ठेवा. पट्टी पापणीच्या किंवा केसांच्या वळणाने गेली तर ती चित्राचाच भाग वाटते. डोळ्यातला ठिपका मात्र रंग वाळल्यावर ब्रशने टेकवणं सोपं.

दुसऱ्याचा फोटो, आधी परवानगी

घरच्या अल्बमबाहेरचा फोटो घेणार असाल तर फोटोग्राफरची परवानगी काढा. काळं-पांढरं केलं म्हणजे फोटो आपला झाला, असं होत नाही. शेपर्ड फेरी या अमेरिकन कलावंताचं २००८ मधलं बराक ओबामांचं 'होप' पोस्टर असोसिएटेड प्रेसच्या फोटोवरून केलेलं होतं. त्यावरून कोर्टकज्जे झाले आणि २०११ मध्ये तडजोड करावी लागली. पोस्टर विकायचं असेल तर हा विषय आधी मिटवा. ज्याचा चेहरा आहे त्यालाही विचारा, दिवंगत असेल तर घरच्यांना.

काम संपलं असं वाटलं की चित्राचा ए-फोर कागदावर एक साधा प्रिंट काढा, भिंतीला लावा आणि दहा फुटांवर उभं राहून त्या व्यक्तीला ओळखणाऱ्या कुणालातरी विचारा, 'हे कोण?' उत्तरात नाव आलं तर फाइल छापायला पाठवा. 'छान जमलंय' असं उत्तर आलं तर पुन्हा डोळ्यांपासून सुरुवात करा.